दिल्लीपर्यंत पाच तास

"माणूस वाटंत हाय अजून," म्हणत मावशी सुनेच्या हातातली केरसुणी काढून घ्यायची. घरातलं कुणी गावाला निघालं की लगेच केर काढायचा नाही, हा रिवाज तुमच्याही घरी असेल. लगेच काढतात तो मयत बाहेर गेल्यावर. पण आपण तो घटकाभर पाळतो. मावशी माणूस पोचेपर्यंत पाळायची. पुण्याला गेलेला सुखरूप उतरला हे परतीच्या एसटीच्या ड्रायव्हरनं सांगितल्याशिवाय घर झाडलं जात नसे.

मी पौडच्या शाळेत मास्तर होतो आणि तिच्या पडवीत भाड्यानं राहायचो. पायाखाली कचकच झाली की मी चिडायचो. "मास्तर, वहाणा घाला की पायात," एवढंच ती म्हणायची.

तिचा एकुलता एक मुलगा लष्करात होता. एका थंडीत सुट्टी अर्धवट टाकून त्याला परत बोलावलं. पुण्याहून लष्कराचं विमान दिल्लीला, तिथून दुसरं सरहद्दीकडे. सून तान्ह्या मुलीला घेऊन त्याला एसटीवर सोडायला गेली आणि मावशी तडक माझ्याकडे आली. विमान कधी पोचणार, ते तिला हवं होतं. मी नकाशा पसरला. तिनं लुगड्याचा दोरा काढून एक टोक पुण्यावर धरलं, दुसरं दिल्लीवर. मी मोजून सांगितलं, सातशे मैलांच्या वर, म्हणजे तेव्हाच्या पंख्याच्या विमानाला पाचेक तास.

"आन् दिल्लीच्या म्होरं?"

पुढचा विमानतळ कुठला, हे मुलालाही सांगितलेलं नव्हतं. सून परत येईपर्यंत मावशी तो दोरा हिमालयात कुठंतरी टेकवत आणि उचलत बसली. मला शाळेला उशीर होत होता, पण नकाशा मागवेना.

संध्याकाळी दिल्ली आली असं आम्ही धरलं. पुढचा हिशेब कुणाकडेच नव्हता. दिवस गेले, घर तसंच. मुलगी रांगताना तोंडात माती घालायची. सासू-सुना एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. आत भांडं पडलं तरी मी दचकायचो. शेवटी एका दुपारी मावशी शेतावर असताना सुनेनं सगळं घर झाडून काढलं. मावशी आली, उंबऱ्यात थबकली, जमिनीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चुलीकडे गेली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं मला वाटलं.

मग तार आली. मीच वाचली. दिल्लीहून निघालेलं विमान पुढच्या तळावर उतरलंच नव्हतं, शोधही थांबवला होता. सून भिंतीवर कपाळ आपटू लागली. "म्या झाडलं. म्याच खाल्लं त्यास्नी." बायका जमल्या होत्या, पण तिला धरायला कुणी पुढं होईना.

मावशीनं तिचे दोन्ही हात धरले. "तुज्या कितीतरी आदी म्या झाडलं हुतं. तू त्याला इष्टीवर घालवाया गेलीस न्हवं, तवाच."

त्या वेळी ती माझ्यासमोर दोरा धरून बसली होती. मी तोंड उघडलं, पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. मला तिचा राग आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं.

गावानं मावशीला माफ केलं नाही. कुणी परगावी निघालं की शेजारणी तिला आत जाऊन बसायला सांगायच्या. ती निमूट जाऊन बसायची.

माझी बदली झाली. ती वारल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. मुलगी शाळेत गेली होती. सुनेनं चहा दिला.

"म्हातारी वंगाळ न्हवती, मास्तर. पर त्या दिशी तिनं झाडलं, ते काय माज्या मनातनं जात न्हाई."

मी मान हलवली आणि चहा प्यायलो.