डॉखला मराठीत ‘की’ म्हणतात

जर्मन भाषेत ‘डॉख’ नावाचा एक चिमुकला शब्द आहे. समोरच्याने नकारार्थी प्रश्न विचारला आणि आपल्याला तो नकार खोडून काढायचा असला, तर जर्मन माणूस फक्त ‘डॉख’ म्हणतो आणि मोकळा होतो. व्याकरणाच्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत. मी फळ्यावर दोन ओळी लिहिते. “तू जेवला नाहीस ना?” “जेवलो की!” तो शेवटचा ‘की’ म्हणजे डॉख. माझं लहानपण नारायण पेठेत गेलं. तिथे या ‘की’शिवाय कुणाचं वाक्य संपत नसे. दुसऱ्याचं म्हणणं खोडायला आमच्याकडे आवाज चढवावा लागत नाही, एक अक्षर पुरतं.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मी जर्मनचे वर्ग घेते. पूर्वी कॉलेजातली मुलं हौसेनं यायची, मार्क मिळवायची आणि सगळं विसरून जायची. आता हौशी कुणी येत नाही. आता येतात ती नोकरीसाठी तिकडे जाणारी माणसं. दारात चपलांचा ढीग पडतो आणि शेजारचे काका जिन्यात गाठून विचारतात, “काय हो, अख्खं पुणं रिकामं करताय वाटतं?” मी त्यांना म्हणते, आपणही या, आपली जागा रिकामी झालेली चालेल आम्हाला.

तरुणपणी मी दीड वर्ष जर्मनीतल्या एका ग्रंथालयात काढलं. तिकडचा चारशे वर्षांपूर्वीचा माणूस परकी भाषा कशी शिकत असे, हा माझा विषय. घरच्यांना तो कधी कळला नाही. त्यांची भाषा शिकायची पुस्तकं खिशात मावतील एवढी, आडवी, एका पानावर शेजारी शेजारी पाच-सहा भाषांचे रकाने. व्यापारी ती घेऊन हिंडत. पुढे धर्मावरून माणसांच्या कत्तली होऊ लागल्या, तेव्हा पळून जाणाऱ्यांनाही तसलीच पुस्तकं उपयोगी पडली. विणकर, घड्याळजी, टोप्या शिवणारे, सगळे समुद्र नाहीतर डोंगर ओलांडून परक्या गावात जाऊन पडले. ज्यांच्याकडे विकायला दुसरं काही नव्हतं, ते भाड्याच्या खोलीत आपली भाषा विकत बसले. म्हणजे माझाच धंदा.

त्या पुस्तकांतले संवाद मला तेव्हा फार गोड वाटायचे. बाजारात कापडाचा भाव करायचा, खाणावळीत जागा मागायची, घोड्याला दाणा घालायला सांगायचा. एक प्रसंग मात्र मला पुन्हा पुन्हा भेटला. वाटसरू खाणावळवाल्याला विचारतो, पुढच्या वाटेवर काही भय तर नाही ना? खाणावळवाला सांगतो, छे, मुळीच नाही. मी तेव्हा तो वाक्यरचनेचा नमुना म्हणून टिपून घेतला होता. वाटसरूला उलट बोलायला एकही ओळ दिलेली नाही, हे माझ्या लक्षात यायला एक मुलगी भेटावी लागली.

ती यवतमाळकडची. इथे एका खासगी दवाखान्यात नर्स होती, विश्रांतवाडीला आणखी मुलींबरोबर खोली करून राहायची. ड्युटी संपली की दोन बस बदलून माझ्याकडे पोचायची. पहिल्या बाकावर बसायची आणि पाच मिनिटांत पेंगायची. मी खडू आपटला की दचकून म्हणायची, “ऐकून राहिली ना, मॅडम!” ऐकतही असे खरं म्हणजे, कारण विचारलेलं सगळं तिला येत असे. मला ती फार आवडायची. मला सहसा कुणी आवडत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

एक डॉख मात्र तिच्या तोंडून कधी निघाला नाही. मी विचारायची, “तू अभ्यास केला नाहीस ना?” तिने केलेला असायचा, पण ती मान खाली घालून म्हणायची, “हो मॅडम.”

“अगं, हो काय? केला की, म्हण!”

“आमच्याकडं ‘ना’ म्हणतो, मॅडम. केला ना. ‘की’ म्हटलं का भांडल्यावानी वाटते.”

“मग भांड. त्या देशात भांडता आलं पाहिजे.”

वर्ग हसला, तीही हसली, पण ‘की’ काही म्हणाली नाही. मोठ्या माणसाचं बोलणं खोडायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

तिला पाठवणारा एजंट एकदा स्वतः वर्गावर आला. पांढरा स्वच्छ शर्ट, बोलणं लोण्यासारखं. “मॅडम, आपल्याला व्याकरण नको, व्हिसा हवाय,” तो म्हणाला. मुलाखतीत काय काय विचारतील ते त्याने मला तोंडीच सांगितलं. रात्रपाळीला तुमची हरकत नाही ना? एकटं राहायची भीती वाटत नाही ना? तिथे दिलेल्या जागेत राहायला अडचण नाही ना? सगळ्यांचं उत्तर एकच, ‘नाइन’. नाही. तेवढं घोटून घ्या म्हणाला.

“म्हणजे पोपट करू म्हणता?”

“पोपटच हवेत, मॅडम. पोपट सुखी असतात.”

त्या हसऱ्या माणसाकडे बघताना मला तो खाणावळवाला आठवला. खाणावळवाल्याला खाट विकायची होती. पुढच्या वाटेवर काय आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता, किंवा असलाच तर भलताच होता. मी एजंटला म्हटलं, माझ्या वर्गात उत्तरं दोन्ही शिकवली जातील, आपण बाहेर चपला घालताना पाय जपा, पायरी उंच आहे. त्या आठवड्यात मी दुसरं काही शिकवलं नाही. डॉख, डॉख आणि डॉख. तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, जाऊ नकोस, दुसरीकडून प्रयत्न करू. ती म्हणाली, “आईनं साऱ्या गावात सांगून टाकलं, मॅडम, पोरगी जर्मनीले चालली म्हणून.”

गेल्या दसऱ्यानंतर ती गेली. एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात नोकरी, राहायला एजंटच्या मेहुणीचं घर. मेहुणी मराठीच, तिकडे बरीच वर्षं आहे, उत्तम जर्मन बोलते. आपलं माणूस आहे म्हणून आई निर्धास्त झाली. मी झाले नाही.

रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. सुरुवातीला तिने खिडकीतून बर्फ दाखवलं, आश्रमातल्या एका म्हातारीची नक्कल करून दाखवली. मग मागे मेहुणी दिसू लागली. आधी ओट्याशी, मग सोफ्यावर, मग तिच्या शेजारीच खुर्ची ओढून. “कशा आहात मॅडम? आमच्याकडे अगदी मजेत आहे हो ती!” मुलगी बोलायची, पण प्रत्येक वाक्याआधी डोळे बाजूला जायचे. चेहरा उतरला होता. कॉल आठवड्याऐवजी पंधरवड्याने येऊ लागले, आणि फोन कायम मेहुणीचा. हिचा कुठे गेला, विचारलं तर म्हणे बिघडलाय. मी जर्मनमध्ये काही विचारलं की मेहुणी हसत मध्ये पडायची, “अहो, घरी तरी मराठी बोलू द्या बिचारीला!” मराठीही त्या बाईला कळत होतं, जर्मनही कळत होतं. लपायला भाषाच उरली नव्हती.

काल रविवार होता. बऱ्याच दिवसांनी कॉल आला. मुलगी भिंतीला टेकून बसलेली, मेहुणीचा हात तिच्या खांद्यावर. इकडचं तिकडचं झालं. मग सगळे विचारतात तेच मी विचारलं, अगदी सहज, नकळत त्या खाणावळीतल्या वाटसरूच्याच शब्दांत.

“तुला तिथे काही त्रास नाही ना गं?”

ती थेट कॅमेऱ्यात बघत होती.

“नाही की, मॅडम.”

मी हातातला कप खाली ठेवला. वर्षभर मी डोकं फोडलं तरी या मुलीच्या तोंडून ‘की’ निघाला नव्हता. ती ‘नाही ना’ म्हणाली असती. मेहुणीला वाटलं असेल, पोरगी पुण्यात राहून पुणेरी झाली. ती हसलीसुद्धा. मी आवाज होता तसाच ठेवला.

“सुट्टी मिळत नाही का तुला?”

“मिळते की.”

“आणि पासपोर्ट वगैरे? जवळ नाही का ठेवलास?”

“ठेवला की, मॅडम. जवळच आहे की.”

एवढे ‘की’ आमच्या नारायण पेठेतही कुणी एका दमात म्हणत नाही. फळ्यावर मी लिहिलं होतं, ‘की’ म्हणजे डॉख, आणि डॉख म्हणजे समोरचा म्हणतो त्याच्या उलट. ती स्वतःचंच म्हणणं खोडत होती, माझ्यासमोर, त्या बाईच्या हाताखाली बसून. मला रडू आलं आणि रडायची सोय नव्हती. पोलीस, वकील, मी कुणाला तरी गाठते, धीर धर, असं सगळं सांगायचं होतं. त्यातलं काहीच बोलता येण्यासारखं नव्हतं. मेहुणी फोनकडे हात नेत होती. तेवढ्यात तोंडून निघालं ते आमच्या घरात रडणाऱ्या पोराला सांगतात तेच.

“बरं बाळा. घाबरू नकोस. मी आहे की.”

कॉल बंद झाला.

माझा एक जुना विद्यार्थी त्या गावापासून रेल्वेने दोनेक तासांवर राहतो. त्याला मी लगेच फोन लावला. तो तिथल्या पोलिसांना घेऊन आज सकाळी तिने जाताना लिहून दिलेल्या पत्त्यावर जाणार होता. इकडे दुपार टळली तरी त्याचा फोन नाही. वर्गाच्या मुली येऊन बसल्यात आणि मी फळ्याकडे पाठ करून हातात मोबाइल धरून उभी आहे. तो पोचेल, बोलेल, काहीतरी होईल, असं मी धरून चालले आहे. पण कालपासून दुसरंच काही मनातून जात नाही. “मी आहे की” म्हणताना माझा ‘की’ नारायण पेठेतला होता. तिला मी फळ्यावरचा, उलट अर्थाचा शिकवला होता.