फायरवॉलमधलं एकच भोक

नवरा शेडमध्ये स्वतः बांधत होता त्या विमानाला बैठका दोनच. उजवीकडची माझी, हे त्याने सांगाडा जोडायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे इंजिन आणि बैठका यांच्यामधल्या स्टीलच्या पत्र्याकडे, म्हणजे फायरवॉलकडे, माझं बारीक लक्ष असे. इंजिनाला आग लागली तर ती तिथेच अडायला हवी. पत्र्याच्या अलीकडे माझे पाय.

रविवारी इंजिन पहिल्यांदा सुरू होणार होतं. शुक्रवारी भद्रावतीतलं माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद करून शेडवर आले. बघते तर बॅटरीची जाड वायर, मीटरच्या वायरी आणि इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी थ्रॉटलची केबल, सगळं एकाच भोकातून ओढलेलं. भोकाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

“अजी, हे काय केलं?”

“एक भोक वाचलं. मस्त बसलं नं?”

“थ्रॉटल मागंपुढं होते. वायरीवर घासन नं थे. वायरीची साल किती दिवस टिकन?”

“मधात ट्यूब हाये.”

“ट्यूब जळत नाई काय?”

“दुकानात जळलेल्या मोटारी पाहू पाहू तुले सगळीकडं धूरच दिसते वं!”

शनिवारी दुकानात पंपाची मोटर समोर होती. तारेचे वेढे मोजताना आकडा चुकला, पुन्हा मोजले, पुन्हा चुकला. गुंडाळलेली कॉइल उलगडून ठेवली आणि दुपारीच घरी आले. तो जेवत होता. त्याच ट्यूबचा उरलेला तुकडा चिमट्यात धरून मी गॅसवर नेला. भपकन पेटला, काळा धूर, जळते थेंब ओट्यावर.

“घर जाळतं काय वं?”

“घरातून पळता येते. वरून कुठी पळू?”

तो जेवण संपवून पाना घेऊन शेडवर निघाला, मागोमाग मी.

सगळं बाहेर काढलं. थ्रॉटलला वेगळं भोक, त्यात केबल घासू नये म्हणून स्टीलचा बुश. वायरींसाठी पत्र्याला स्टीलची आखूड नळी बसवली. वायरींवर माझ्या दुकानातली काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवली आणि नळीचं तोंड आग सोसणाऱ्या पुट्टीने बुजवलं. त्यातच रविवार गेला. घुग्घुसहून इंजिन बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन परतले. तो आठवडाभर कुरकुरत राहिला.

पुढच्या रविवारी मी उजवीकडे बसले. इंजिन धडधडलं, पुन्हा आलेले पाहुणे विमानाच्या पंख्याकडे बघत टाळ्या वाजवत होते. माझी नजर खाली, पायांपुढच्या पत्र्यावर.

“कसं वाटून राह्यलं?” तो ओरडला.

“बंद करा. पाहू द्या.”

टॉर्चच्या उजेडात वाकून पाहिलं. कुठेही घासलं नव्हतं.

“आता?”

“आता अजून एकदा चालू करा.”