साडूचे शॉकअप

अमळनेरच्या माझ्या सासुरवाडीला जावई दोन. थोरले रावेरकडचे, केळीचे बागायतदार. धाकटा मी, धुळ्यात मोटारसायकलींचे शॉकअप दुरुस्त करणारा. थोरल्या साडूंना मी भाऊ म्हणायचो. ते मला 'काय भो' म्हणून हाक मारायचे आणि पाठीवर थाप द्यायचे. ती थाप मला कधीच आवडली नाही.

नव्वद सालानंतरची ती अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बायको माहेरी आधीच गेली होती. दुकान बंद करून मी दुपारी माझ्या गाडीवर अमळनेरला पोचलो, तर ती घरात नव्हती. धाकट्याच्या बाळंतपणापासून तिची कंबर धरायची, आणि त्या सकाळी तर तिला उठताच येईना, म्हणून साडू तिला त्यांच्या गाडीवर जवळच्या खेड्यातल्या वैद्याकडे घेऊन गेले होते. तो रस्ता मला ठाऊक होता. अर्धा डांबर, अर्धा बैलगाडीच्या चाकोऱ्यांचा. मी ओट्यावर बसून चिडत होतो. असल्या कमरेच्या बाईला त्या रस्त्याने कुणी नेतं का?

थोड्या वेळाने गाडी आली. बायको उतरली ती हसतच. सासूबाईंनी काळजीने विचारलं, "कशी शे कंबर?"

"पोटमातलं पानीबी हालनं नही," ती म्हणाली. "जिजाजींची गाडी म्हणजे पाळणा आहे नुसता."

अंगणात सासरे होते, मेहुणे होते, शेजारची दोन माणसं होती. धुळ्यात खड्ड्यांनी खिळखिळ्या झालेल्या गाड्या लोक माझ्याकडे आणत. पुढच्या पाइपांचं तेल बदलणं, सील टाकणं, मागच्या स्प्रिंगा सरळ करणं, हेच माझं पोट होतं. आणि माझी बायको, रोज माझ्या मागे बसणारी, सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या गाडीला पाळणा म्हणत होती.

साडूंनी गाडी निंबाखाली लावली. सगळे जेवायला आत गेल्यावर मी गाडीकडे गेलो. सीटवर हात ठेवून दाबलं. गाडी खाली गेली आणि सावकाश, एकाच दमात वर आली. पुन्हा उडाली नाही. मी परत दाबलं. मागे दोन नवे शॉकअप होते, पिवळ्या स्प्रिंगांचे, बाजूला लहानशी नळकांडी जोडलेली. कंपनीचे नव्हते, बाहेरून घेऊन बसवलेले.

"गॅसचे आहेत, भो," साडू मागून म्हणाले. हात धुवायला ते बाहेर आले होते. "पुण्याहून आणले. तुमच्याकडे नाही व्हायचं याचं काही. सीलबंद असतात."

"छान आहेत," मी म्हणालो. पुरणपोळी मला त्या दिवशी गोड लागली नाही.

धुळ्याला परत आल्यावर मी माझ्याच गाडीच्या मागे लागलो. पुढचे पाइप उतरवून जाड तेल भरलं, मग पातळ, मग दोन्ही मिसळून. मागच्या शॉकअपच्या खालची कडी फिरवून स्प्रिंग घट्ट केली, सैल केली. दरवेळी पांझरेच्या पुलापलीकडच्या खराब रस्त्यावर एकटाच चक्कर मारून यायचो. गिऱ्हाइकाच्या गाड्या दुकानात उभ्या, आणि मी आपला माझी गाडी उघडून बसलेला. शेवटी एकदा मला वाटलं, आता जमलं. खड्ड्यातून गाडी लोण्यासारखी गेली. मी घरी गेलो, बायकोला म्हणालो, "चल, बस."

तिला भाजी घ्यायची होती. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेलं. परत आल्यावर विचारलं, "कशी वाटली?"

"बरी आहे," ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

बरी आहे! तिकडे पाळणा, इकडे बरी आहे. मी त्या रात्री जेवलो नाही असं नाही, पण जेवताना तिच्याशी बोललो नाही. तिला कारण कळलं नाही, आणि मी सांगणार कसं?

पावसाळ्यानंतर साडू आपण होऊन धुळ्याला आले. सोबत अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. गाडी रस्त्यावरून येताना मी दुकानातूनच पाहिली. बेडकासारखी उड्या मारत येत होती. मागच्या दोन्ही शॉकअपमधून तेल ओघळून चाकावर आलं होतं, त्यावर काळी माती बसली होती. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खाली वाकून पाने-पकडी गोळा करू लागलो.

"पुण्यावाले म्हणतात नवेच घ्या," साडू म्हणाले. "तुमच्याकडे होईल का काही?"

"सीलबंद असतात ना ते?" मी विचारलं.

ते हसले. "तसं म्हणालो होतो खरं. पण ही म्हणाली, आपल्या घरात कारागीर असताना बाहेर कशाला."

मी शॉकअप उतरवले. खरं सांगायचं तर तसले मी पूर्वी कधी उघडले नव्हते. आत गॅस दाबाने भरलेला असतो, तो आधी न सोडता उघडलं तर झाकण तोंडावर उडेल, एवढं समजत होतं. तोंड बाजूला करून व्हॉल्व्ह हळूहळू सोडला. फुस्स आवाज होऊन गॅस गेला. दांडा बाहेर काढला तर त्यावर केळीच्या बागेतल्या चिखलाचे ओरखडे होते आणि त्यांनीच सील फाडलं होतं. दांडा घासून गुळगुळीत केला. त्या मापाचं सील मोटारसायकलीच्या दुकानात मिळेना, ते ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात मिळालं. राहिला गॅस. नायट्रोजन आमच्या गल्लीतल्या फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे होता. त्याच्या सिलिंडरवरून भरून घेतला. काम करताना मी साडूंना विसरलो, हेवा विसरलो. इतकी नीट बनवलेली वस्तू माझ्या हाताखाली पहिल्यांदाच आली होती.

शॉकअप चढवल्यावर स्प्रिंगची कडी लावायची होती. गाडीवर माणसं बसली की ती किती खाली बसते, ते पाहून कडी फिरवावी लागते. मी साडूंना बसायला सांगितलं. मग अक्कांना म्हणालो, "तुम्हीपण बसा मागे. नेहमी बसता तसं, पिशवी मांडीवर घेऊन." पट्टी लावून मोजलं, कडी फिरवली, त्यांना उतरवलं, पुन्हा बसवलं. अक्का प्रत्येक वेळी हसत चढायच्या.

माझी बायको चहा घेऊन दुकानाच्या दारात उभी होती. कप तसेच हातात. ती म्हणाली, "माले कधी बसाडीसन मोजं नही तुम्ही."

साडूंनी रस्त्याकडे पाहिलं. मी हातात पाना धरून उभा राहिलो. इतक्या चकरा मारल्या, इतकं तेल बदललं, पण प्रत्येक वेळी एकट्यानेच. गाडी मी माझ्या वजनाची लावली होती. मागे बसणारीचा हिशेब त्यात नव्हताच.

पाहुणे गेल्यावर मी माझी गाडी बाहेर काढली. "बस," मी म्हणालो.

"आता राहू द्या," ती म्हणाली. "अक्काला बसवलं म्हणून मला नको."

"अक्कासाठी नाही."

"मग कशासाठी?"

मी पट्टी हातात घेतली. ती पदर खोचून बसली. मी पट्टी लावली, कडी फिरवली, तिला उतरवलं, परत बसवलं. ती एकदाही हसली नाही, पण उतरूनही गेली नाही.

साडूंनी रावेर-जळगावकडे जाऊन माझं नाव सगळीकडे केलं. 'आमच्या साडूसारखा कारागीर खान्देशात नाही' असं ते म्हणत. तिकडची गिऱ्हाइकं यायला लागली, "तुमच्या साडूंनी पाठवलं" म्हणत. मी त्या वाक्यात टोमणा शोधायचो. तो सापडत नव्हता, याचाच जास्त राग यायचा. धंदा माझा वाढत होता आणि उपकार त्यांचे होत होते.

पुढच्या उन्हाळ्यात भडगावला सासरकडच्या नात्यातलं लग्न होतं. आम्ही गाडीवर निघालो. पारोळ्यानंतर रस्ता उखडलेला होता. काही वेळाने बायकोचं बोलणं थांबलं. मला वाटलं, कंबर दुखतेय. मान वळवून पाहिलं तर तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं होतं आणि ती झोपली होती. मी गाडी आणखी हळू केली. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते, त्यांना वाजवू दिलं. भडगावपर्यंत मी कुणाचा विचार केला नाही.

मांडवाजवळ पोचलो तेव्हा वडाखाली एक जीप उभी होती, नवा रंग दिलेली. साडू तिच्या दाराला टेकून उभे होते. "काय भो," ते म्हणाले, "कशी आहे? मागच्या महिन्यात घेतली."

बायकोची झोप उडाली होती. अक्कांनी तिला हाताला धरून जीपच्या मागच्या सीटवर बसवलं. दोघी बहिणी आत बसून सीटवर हात फिरवत होत्या. मी गाडी स्टँडवर लावली, जीपच्या मागे गेलो आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून वाकून खाली बघितलं. स्प्रिंगांच्या जागी लोखंडी पट्ट्यांचे पाटे होते. जुने, पण तेल दिलेले.