लेम्पीवहिनीचा ट्रक रविवारी बंद पडत नाही

आमच्या कीविनॉत, मिशिगनच्या पार उत्तरेच्या टोकाला, बर्फाला कोणी घाबरत नाही. घाबरतात ते लेम्पीवहिनीचा ट्रक बंद पडेल म्हणून.

लेम्पीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, उर्होची बायको. उर्हो गेला त्या हिवाळ्यात तिनं खिळ्यावरची किल्ली काढली आणि पुढं बर्फाचं फावडं लावलेला त्याचा पिकअप ट्रक स्वतः चालवायला घेतला. तेव्हापासून आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांची अंगणं तीच साफ करते. कोणी खिशात हात घातला की म्हणते, "राहू दे. कॉफी टाक." मीही तिच्याच जिवावर घराबाहेर पडतो, पण ते तिला कशाला सांगू? आधीच डोक्यावर बसलीय.

यंदा ट्रकनं रंग दाखवले. अंगण साफ करता करता मागं घ्यावा, आणि एक आचका देऊन हा गप्प! आमच्याकडं थंडीत गाडी अडली की सगळ्यांचं औषध एकच: पेट्रोलात पाणी गेलंय, नळीत गोठलंय, टाकीत स्पिरिटची बाटली ओता. पाद्री ओततो, डॉक्टरीणही ओतते. मी तर बाटल्यांवर बाटल्या ओतत होतो.

"भावजी," वहिनी म्हणाली, "एवढी तर तुमच्या भावानंही कधी प्यायली नव्हती."

मग ट्रक तळ्याकाठच्या रस्त्यावर वादळात अडला. वहिनी चालत घरी आली, ती बोटांची टोकं पांढरीफटक करून. ते कळल्यावर तिची लेक आउने डेट्रॉइटहून गाडीभर रिकामी खोकी घेऊन हजर.

"आई, हात बघ तुझे! बास झालं. सामान भरायचं आणि माझ्याकडं यायचं."

"तिथं करू काय मी? लिफ्टनं वर-खाली?"

"जिवंत राहा. तेवढंच कर!"

वहिनी रडणाऱ्यातली नाही. दुखलं की भांडी घासते. त्या संध्याकाळी स्वच्छ कढई तिनं दोनदा घासली. मग हात पुसून म्हणाली, "सोमवारी बर्फ सांगितलंय. सगळी अंगणं करते. मध्ये ट्रक बंद पडला, तर मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसेन. नाही पडला, तर इथंच राहीन."

"शब्द?"

"शब्द."

वहिनी शब्द फिरवत नाही, आणि ट्रक तर अडणारच होता. ती गेली तर मी भांडू कोणाशी?

शनिवारी नेहमीसारखा सॉना, आम्हा फिनिश लोकांची वाफेची खोली, पेटवला. आधी बायका, मग मी. वाफ घेऊन लाल तोंडानं सगळे बाहेरच्या खोलीत कॉफी पीत बसलो होतो. वहिनी एकदम म्हणाली, "भावजी, उद्या चर्चला जाताना ट्रक अडणार नाही. रविवारी तो कधीच अडत नाही."

"देवभोळा असेल."

"थट्टा पुरे. स्पिरिट तर आपण रोजच पाजतो. मग रविवारीच काय एवढं?"

तेवढ्यात आउने बाहेर डोकावली आणि ओरडली, "आई, ट्रक गळतोय!"

वहिनी टॉवेल गुंडाळून तशीच अनवाणी बर्फात धावली. दर शनिवारी ती ट्रक सॉनाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभा करते, लाकडं उतरवायला बरं म्हणून. ती भिंत भट्टीची, चांगली तापलेली. तिच्या धगीनं ट्रकच्या पोटाखालचं, जादा चाकावर घट्ट बसलेलं बर्फ वितळून टपटप गळत होतं.

वहिनी वाकून बघतच राहिली. "पाणी पेट्रोलात नाही, भावजी. पाणी इथं आहे!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चर्चहून आल्यावर आम्ही जादा चाक खाली उतरवलं. त्याच्यावर, सांगाड्याला चिकटवलेली, तळहाताएवढी डबी होती. पेट्रोलच्या पंपाला वीज किती द्यायची ते ही डबी ठरवते. रस्त्यावरच्या मिठानं तिची पाठ खाऊन टाकली होती, भेगाच भेगा. ट्रक मागं ढिगात घातला की भेगांत बर्फ जायचं, पंप गप्प. शनिवारी शेकून निघाली की रविवारी पुन्हा शहाणी.

वहिनी जवळच्या हॅनकॉक गावाला जाऊन नवी डबी घेऊन आली. मग आम्ही दोघं म्हातारे ट्रकखाली आडवे. गंजलेला एक बोल्ट तुटला, दुसऱ्यानं माझ्याकडून सगळ्या शिव्या वदवून घेतल्या. मी डबी जुन्याच जागी चिकटवायला गेलो, तर वहिनीनं हातावर चापट मारली. "चिकटवली तर पुन्हा कुजेल. खाली वायसर घाला, मधून वारा खेळू दे."

आउने बाहेर आली. "ही माझी खोकी आहेत! फाडून अंथरलीत?"

"जमीन गार आहे गं," वहिनी ट्रकखालून म्हणाली.

सोमवारी पहाटेपासून बर्फ कोसळत होतं. आउने पलीकडच्या दाराशी बसली, शब्द शब्दच होता. मी मध्ये कोंबलेला. एकेक अंगण होत गेलं. वहिनी ट्रक मागं घ्यायची, खाली बर्फ धाडकन आदळायचं आणि आम्ही तिघंही श्वास धरून बसायचो.

शेवटचं अंगण म्हाताऱ्या साइमाबाईचं. तिथला ढीग सगळ्यात मोठा. वहिनीनं ट्रकची सबंध पाठ त्यात घुसवली आणि मुद्दाम तिथंच थांबली. इंजिनाचा आवाज जरा खाली गेला. मी डोळे मिटले. म्हटलं, गेली आमची वहिनी.

आवाज तसाच चालू राहिला. वाट बघितली, तरी चालूच. डोळे उघडले तर खिडकीत साइमाबाई कॉफीची किटली उंच धरून बोलवत होती.

वळून बघतो तर वहिनी रडत होती. भांडी नव्हती ना तिथं घासायला.

आउनेनं माझ्यावरून हात लांबवून आईची बोटं धरली, चोळून गरम केली. स्वतःचे लोकरीचे जाड हातमोजे काढून एकेक बोट बघत तिला घातले.

"राहू दे गं, तुला लागतील," वहिनी म्हणाली.

"मला कशाला? मी डेट्रॉइटला चाललेय. तुला इथं राहायचंय."