मेमरी रिकामी करताना

कसबा बावड्यात कुणाचा वाढदिवस असो, नाही तर श्रद्धांजली, फ्लेक्स तौसीफकडंच. माणसाला चष्म्यासकट देखणं करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. शिवाय गल्लीत कुणाचा मोबाईल अडला, प्रिंटर रुसला, की तोच 'मास्टर'. मास्टर म्हटलं की गडी दोन इंच उंच व्हायचा. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या झटक्यात. पण हे विचारतंय कोण.

तानाबाई त्याची शेजारीण. नवरा ज्ञानू गेल्या साली गेला. त्यांचा जुना मोबाईल पार बंद पडायच्या आधी तौसीफनं त्यातलं सगळं आपल्या कॉम्प्युटरवर घेतलं होतं. फोटो होते, आणि ज्ञानूकाका बोलतायत असा एकुलता एक व्हिडिओ. "माझ्याकडं तिजोरीगत हाय, मावशी," असं वर सांगितलंही होतं.

वर्षश्राद्धाला वीस बाय दहाचा फ्लेक्स ठरला. रस्त्यावरनं बघायच्या फ्लेक्सला इंचाला बहात्तर ठिपके पुरतात, हे त्याला ठाऊक होतं. पण थोडं प्रेमापोटी, बरंचसं ऐटीपोटी त्यानं तीनशे ठेवले. ज्ञानूकाकांच्या मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे. कॉम्प्युटर अडला. पडद्यावर पाटी आली, मेमरी अपुरी.

मेमरी म्हणजे जागा. मोबाईल भरला की सगळी गल्ली 'मेमरी फुल्ल' म्हणते. तौसीफनं जागा करायला घेतली. जुने वाढदिवस उडवले, दोन निवडणुका उडवल्या. फाईल उघडेना. मग 'तानामावशी' नावाचा फोल्डर दिसला. फोटो फ्लेक्समध्ये घेतलेलेच होते. व्हिडिओ तिच्या नव्या मोबाईलवर असेलच, असं स्वतःला सांगून त्यानं फोल्डर कायमचा उडवला. फाईल तरी उघडेना. दुपारभर तो पुन्हा पुन्हा उघडत बसला.

संध्याकाळी थोरली बहीण आयेशा आली. गडहिंग्लजला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कणगीतलं जोंधळं फेकून दिलंस. आणि अडलं होतं परातीत."

"कुठली परात?"

"डिस्क ही कणगी. तिथं माल नुसता पडून राहतो. काम चालतं रॅमवर, ती परात. फाईल कणगीत दाबून बसलेली असती. उघडली की एकेक ठिपका सुटा होतो आणि परातीत जागा मागतो. कणगी कितीबी रिकामी कर, परात तेवढीच की."

"परात भरल्यावर मग?"

"मग भुईवर मांडतंय. म्हणजे डिस्कवर. तू रिकाम्या केलेल्या जागेवर."

उडवलेलं शोधायचं सॉफ्टवेअर तिनं लावून बघितलं. चार फोटो मिळाले. व्हिडिओचं नुसतं नाव मिळालं. त्याच्या जागेवर दुपारभर ज्ञानूकाकांची मिशी पसरली होती. ठिपके बहात्तर ठेवून फ्लेक्स नव्यानं मांडला, तशी फाईल मुकाट उघडली.

दुसऱ्या दिवशी तानाबाई दुकानात आली. छापून आलेला फ्लेक्स तिनं हात फिरवून बघितला.

"झ्याक झालाय. आता त्यांचा बोललेला इडिओ तेवढा माझ्या मोबाईलात घाल. उद्या पावण्यांना दाखवायचाय."

"मावशी, ते... कॉम्प्युटरची मेमरी गेली."

"मग तू कशाला तोंड पाडतोस? माझीबी जाती की. यंत्राला काय बोलायचं?"

तौसीफचे कान तापले. ती रागं भरली असती तर खोटं पचलं असतं. ती तर त्याचीच समजूत काढत होती.

"मेमरी गेली न्हाय, मावशी. मीच उडवला. जागा करायला. आणि जागा लागतच नव्हती."

तानाबाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. मोबाईल पिशवीत ठेवला, पुन्हा काढला.

"तू बघितलावतास का त्यो?"

"न्हाय."

"एकदाबी न्हाय?"

तौसीफनं मान हलवली. वर्षभर व्हिडिओ त्याच्याकडं नुसता पडून होता.

"बस मग खाली," ती म्हणाली. तो फरशीवर बसला. "म्हशीला हाक मारत्यात त्यात. आदी म्हशीला, मग मला. मला हाक मारताना हसत्यात. कसं, ते मला करून दाखवता येत न्हाय बघ."