पोस्टरपाशी कोण उभं राहणार

सौदीतल्या हाइलच्या युनिव्हर्सिटीत मी लॅब टेक्निशियन होतो. युनिव्हर्सिटी एका केमिस्ट्री सोसायटीची मेंबर झाली आणि फायदे कळवणारा मेल आला. जर्नल्स फुकट वाचा, शिवाय वार्षिक अधिवेशनाला स्टाफमधला एकजण फुकट पाठवा. विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवरचं पोस्टर मी केलं होतं, म्हणून मीच जाणार होतो. तेवढ्यात परदेशी माणसं काढून सौदी माणसं घ्यायच्या सौदीकरणात माझी पोस्ट एका सौदी पोराला गेली. मेंबरशिप युनिव्हर्सिटीची, त्यामुळे अधिवेशनही त्याचंच.

"पोस्टरवर तुझं नाव राहील," एचओडी म्हणाले. "त्याला तेवढं तयार कर. यल्ला, लाग कामाला!"

भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. पण नकला करायला मला कधी आग्रह लागत नाही. गावच्या शाळेत हेडमास्तर करायचो, इथे अधिवेशनात पोस्टर तपासणारे परीक्षक केले. खोकत प्रश्न विचारणारा म्हातारा, काहीच न वाचता आलेला साहेब. पोरगा हसत हसत उत्तरं द्यायचा. चुकला की मी ओरडायचो, "खलास! आता तुलाही घरी पाठवणार!"

शेवटच्या दिवशी त्याने एचओडींना पोस्टर समजावलं. चष्मा कपाळावर, दर वाक्याला मान डावीकडे, मध्येच चक्क मराठीत "बघा हं". अख्खा मीच उभा होतो तिथे.

"जमलं का, उस्ताद?" त्याने विचारलं.

"मान जास्त हलवतोस. मी एवढी नाही हलवत."

"एवढीच हलवतोस," एचओडी म्हणाले.

मी पोस्टर गुंडाळून त्याच्या हातात दिलं.