अर्थ पुढच्या वर्षी

मी मॅट्रिक झाले तेव्हा संस्कृत शिकायला तीन वाटा होत्या आणि त्यांतल्या दोन आमच्या परंड्याबाहेर जात होत्या. पहिली कॉलेजची: चार वर्षांनी बी.ए., आणखी दोन वर्षांनी एम.ए., मग एखाद्या हायस्कुलात नोकरी. दुसरी पाठशाळेची: तिथंच राहून शास्त्री व्हायचं, धीर टिकला तर आचार्य. पण ती मुलांसाठी. तिसरी टपालाची. एक संस्था घरबसल्या परीक्षा घ्यायची आणि शेवटी नक्षीदार प्रमाणपत्र धाडायची. ते भिंतीवर लावता येई, नोकरीच्या अर्जाला मात्र त्याचा काही उपयोग नसे. मला पहिली वाट हवी होती. मी हट्टी होते, अजूनही आहे.

अडचण अशी की निजामी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली तरी आमच्या शाळेत संस्कृतचा मास्तर काही आला नव्हता. वडील तहसिलीत कारकून. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. आरत्यासुद्धा त्यांनी वहीत उर्दू लिपीत उतरवून घेतल्या होत्या आणि उजवीकडून डावीकडं बोट फिरवत ते त्या म्हणत. कुणी हसलं तर विचारत, "देवाला ऐकू जातंय ना? तो काय वही बघाया येतोय?"

म्हणून मॅट्रिकच्या तीन वर्षं आधीपासून मी गावातल्या एका शास्त्रीबुवांकडं जात होते. लग्नं लावणं, पूजा सांगणं यावर त्यांचं घर चाले. लहानपणी ते कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत होते, त्यामुळं गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली. ते एकदा म्हणणार, मी दोनदा. वही-पेन्सिल उंबऱ्याबाहेर ठेवायची. तीन वर्षांत एका काव्याचे दोन सर्ग आणि श्लोकांत बांधलेला एक अख्खा शब्दकोश माझ्या तोंडात बसला. अर्थाचं विचारलं की म्हणत, "अगं, घाई काय? अर्थ पुढच्या वर्षी. आधी धान्य घरात येऊ दे, मग दळू." तीन पावसाळे गेले तरी दळण काही सुरू झालं नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. शिकायची हीच पद्धत असणार, असं मी धरून चालले होते.

सोलापूरच्या कॉलेजात संस्कृत घ्यायचं तर मॅट्रिकला तो विषय हवा. नसेल तर तिथले प्राध्यापक तोंडी परीक्षा घेऊन ठरवत. वडिलांनी अट घातली. "त्यांनी मंजूर केलं तर शिक. नामंजूर झालं तर मास्तरणीचं ट्रेनिंग, आन् मग रडायचं न्हाय." मी कबूल केलं, पण ते ट्रेनिंग मला मुळीच नको होतं.

वडील आणि मी एसटीनं कुर्डुवाडीला आणि तिथून रेल्वेनं सोलापूरला गेलो. प्राध्यापक किडकिडीत, चष्मेवाले, फार सभ्य. मला काय येतं ते त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाले, "बरं, पहिल्या सर्गातला अडतिसावा श्लोक म्हणा."

मला कुणी मधूनच काही विचारेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आमचा अडतिसावा श्लोक सदतिसाव्यानंतर यायचा, एरवी नाही. मी मनात पहिल्यापासून सुरुवात केली आणि मांडीवर बोटं मोजू लागले. प्राध्यापकांना वाटलं मी देवाचा धावा करतेय, वडिलांना वाटलं मी विसरले. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "मोठ्यानं म्हटलंत तरी चालेल." मग काय, मी सुरू झाले. अडतिसावा आला आणि गेला, मी थांबले ती सर्ग संपल्यावर. त्यांच्यासमोरचा चहा तोवर गार झाला होता.

"पाठांतर उत्तम," ते म्हणाले. "आता त्या श्लोकाचा अर्थ सांगा."

"अर्थ अजून झाला नाही," मी म्हटलं. "तो पुढच्या वर्षी आहे."

हे मी चांगलं ताठ मानेनं सांगितलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्यांचा रागही आला. वडील छताकडं बघत बसले होते.

"माझ्या वर्गातल्या मुलांना गाइडातला अर्थ येतो, श्लोक येत नाही," प्राध्यापक म्हणाले. "तुमचं उलटं आहे. पंधरा दिवसांनी या. पहिल्या सर्गाचा अर्थ सांगता आला तर घेतो." त्यांनी कपाटातून त्या काव्याचं छापील पुस्तक काढून दिलं. खाली बारीक टाइपात श्लोकांचा उलगडा करणारी टीका होती, पण तीही संस्कृतातच.

परंड्याला पोचल्याबरोबर मी पुस्तक घेऊन शास्त्रीबुवांकडं गेले आणि म्हटलं, यंदाच अर्थ सांगा. ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

"मी बी तिथवर पोचलो न्हाय," ते म्हणाले. "पाठांतर झालं आन् वडील वारले. घरी यावं लागलं. अर्थ पुढच्या वर्षी होता."

क्षणभर मला इतका राग आला की पुस्तक उचलून घरी जावं वाटलं. मग त्यांचं तोंड बघितलं आणि राग कुठल्या कुठं गेला. मी म्हटलं, आपण दोघं मिळून बघू.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं पुस्तकाच्या दोन बाजूंना बसलो. मी टीका वाचायची, शब्द अडला की शास्त्रीबुवा कोशातला श्लोक घडाघडा म्हणायचे आणि त्यातल्या समानार्थी शब्दांत एखादा मराठीतला ओळखीचा शब्द हाती लागायचा. मग आम्ही भांडत भांडत वाक्य जुळवायचो. सहाव्या दिवशी अडतिसावा श्लोक उलगडला. नदीत हत्ती डुंबताहेत, एवढंच त्यात होतं. चाल भारदस्त म्हणून शास्त्रीबुवा तो गावातल्या प्रत्येक लग्नात आशीर्वाद म्हणून म्हणत आले होते.

"बरं झालं, कुणी अर्थ विचारला न्हाय," ते म्हणाले आणि असे हसले की त्यांच्या मंडळी काय झालं म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

पंधरा दिवसांनी प्राध्यापकांनी मधलेच सात श्लोक विचारले. सहांचा अर्थ मी नीट सांगितला. सातव्याचे दोन सांगितले, कारण त्यावर आमचं भांडण मिटलं नव्हतं. त्यांनी अर्जावर सही केली. वडिलांनी तो अर्ज दोन्ही बाजूंनी तपासला आणि घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मला हवेत चालल्यासारखं वाटत होतं.

जूनमध्ये मी सोलापूरला निघाले तेव्हा शास्त्रीबुवा स्टँडवर आले. त्यांनी माझ्या हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा दिला. प्रत्येकावर त्यांनी स्वतःचा पत्ता आधीच लिहून ठेवला होता.

"दुसरा सर्ग तिथं होईल ना?" त्यांनी विचारलं.

"होईल की."

"मग अर्थ कळवत राहा. एका कार्डात दोन श्लोक बसतील, बारीक लिहा."

मी मान डोलावली आणि गाडीत बसले. तीन वर्षं मला अगं-तुगं करणारे शास्त्रीबुवा आज "लिहा" म्हणाले होते. हे ध्यानात आलं तेव्हा गाडी कुर्डुवाडीच्या निम्म्या वाटेवर होती, आणि मग मला रडू आवरेना.